डोक्यातली वेबसाइट, कागदावरचा पॉडकास्ट: कल्पना सांगण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेबसाइट, ॲप, पॉडकास्ट, यूट्यूब वाहिनी, माहितीपटांची मालिका, डिजिटल संग्रह. यातलं काहीतरी डोक्यात आहे, पण अजून उभं राहिलेलं नाही. सांगावं की झाकून ठेवावं, या एकाच धाकधुकीतून निघालेले प्रश्न मला सतत येत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. कायद्याचा भाग भारतातला आहे. करारावर सही करायची वेळ आली की हे पान बंद करा आणि वकील गाठा.

बऱ्याच उत्तरांत उदाहरण म्हणून एकच कल्पना वापरली आहे: ‘मनोरंजन’च्या १९०९ च्या दिवाळी अंकापासून आजपर्यंतच्या सगळ्या मराठी दिवाळी अंकांची, ऑनलाइन शोधता येईल अशी अनुक्रमणिका. कोणाला करायची असेल तर खुशाल करा.

१. कल्पना चारचौघांत सांगितली आणि कोणी ढापली तर?

ढापू शकतो. पण ढापून तो करणार काय, हेही पाहा. दिवाळी अंकांचंच घ्या. शंभर वर्षांहून जास्त काळातले अंक मिळवायचे, प्रत्येकाची पानं चाळायची, कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर एकाच नोंदीखाली आणायचे, टोपणनावं उलगडायची, एकाच लेखकाच्या नावाची चार प्रकारची आद्याक्षरं जुळवायची. एवढं करायला कोणी तयार असेल तर त्याच्याशी भांडू नका, त्याला गाठा.

गप्प बसण्याचा तोटा मात्र रोजचा असतो. अर्धं काम कोणीतरी आधीच करून ठेवलंय हे कळत नाही. कल्पनेतली ढोबळ चूक दाखवणारा माणूस भेटत नाही. कोणाच्या माळ्यावर जुने अंक पडून आहेत, तेही समजत नाही. सरसकट माझा सल्ला ‘सांगा’ असाच आहे. जपून राहायच्या चार जागा आहेत: पेटंट (प्रश्न १०), नाव (प्रश्न ११), दुसऱ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट (प्रश्न ५) आणि टीव्ही-ओटीटीसाठीची संकल्पना (प्रश्न ९).

२. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळतो का?

नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात हे स्पष्ट केलं. ‘हम हिंदुस्तानी’ या नाटकाच्या लेखकाचं म्हणणं होतं की ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट आपल्या नाटकावरून उचलला आहे. प्रांताप्रांतांतल्या लोकांचा एकमेकांविषयीचा दुजाभाव हा विषय दोन्हीकडे होता. न्यायालयाने म्हटलं की कल्पना, विषय, कथासूत्र, ऐतिहासिक किंवा पौराणिक घटना यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो. तो असतो ती कल्पना ज्या रूपात मांडली, त्या रूपावर. दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाला ‘ही सरळ नक्कल आहे’ असं वाटायला हवं. नाटककार हरले.

म्हणजे ‘दिवाळी अंकांची अनुक्रमणिका’ या तीन शब्दांवर कोणाचाच हक्क नाही, माझाही नाही. ती समजावणारं दहा पानी टिपण, त्यातली रेखाटनं, पडद्यांचे नमुने, संवाद यांवर मात्र लिहिणाऱ्याचा हक्क आहे, आणि तो लिहिल्या क्षणापासून आहे.

३. मग टिपणाची नोंदणी करायची गरज आहे का?

सक्ती नाही. नोंदणीने हक्क निर्माण होत नाही, फक्त वाद झाला तर पुरावा हाताशी राहतो. कॉपीराइट कार्यालयात साहित्यकृतीच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन होतो, आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. मालिका, वेब सिरीज किंवा चित्रपटाची कथा असेल तर मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन तिथे कथा, सारांश, पटकथा नोंदवता येते. त्या क्षेत्रात हीच पद्धत रुळलेली आहे.

वेबसाइटच्या टिपणासाठी मी नोंदणीच्या भानगडीत पडायला सांगत नाही. तारखेनिशी ईमेल पाठवून ठेवली तरी बहुतेक वेळा काम भागतं. पुढे ती कोर्टात द्यायची झाली तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ ईमेल पुसू नका. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने बंद पाकीट पाठवण्याचा सल्ला अजून फिरतोय. त्याने हक्कात काडीची भर पडत नाही.

४. किती सांगायचं आणि काय राखून ठेवायचं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि लोक नेमकं उलटं करतात. कल्पना झाकतात आणि जी खरंच जपायला हवी ती माहिती बोलताबोलता सांगून टाकतात.

कोणाची अडचण सुटणार आहे, वापरणाऱ्याला पडद्यावर काय दिसेल, आज लोक त्यावाचून कसं भागवतात, तुम्ही कुठे अडला आहात, हे सगळं मोकळेपणाने सांगा. ‘कुठे अडलो’ हा भाग तर आवर्जून सांगा. मदत त्यावरच मिळते. ‘माझ्याकडे दिवाळी अंकांविषयी एक भन्नाट कल्पना आहे’ एवढंच ऐकून कोणी काही सुचवू शकत नाही. ‘टोपणनावांचा गुंता कसा सोडवायचा कळत नाही’ म्हटलं की ग्रंथपाल असलेली एखादी वाचक तासभर बोलते.

राखून ठेवायचं ते वेगळं. ज्या संग्राहकाने विश्वासाने अंक पाहू दिले त्याचं नाव आणि पत्ता. छापखान्याशी किंवा प्रायोजकाशी चाललेल्या बोलणीतले आकडे. मुलाखतीसाठी तयार झालेली, पण अजून जाहीर होऊ न इच्छिणारी माणसं. आणि तुम्ही वर्षभर खपून जमवलेली यादी. अनुक्रमणिकेची कल्पना कोणालाही सुचेल, भरलेल्या वीस हजार नोंदी एका रात्रीत कोणाकडे येत नाहीत. नमुन्याच्या पन्नास दाखवा, पुरे.

५. कल्पना माझी नाही, मैत्रिणीने सांगितली होती. तिचा उल्लेख करून मांडली तर चालेल?

आधी विचारा. उल्लेख करणं आणि परवानगी घेणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ती त्यावर नोकरी सोडायच्या विचारात असू शकते, किंवा पेटंटचा अर्ज करणार असू शकते.

६. आधीच कोणी केलंय का, हे कसं शोधायचं?

इंग्रजीत शोधून ‘मराठीत असं काहीच नाही’ असं ठरवू नका. मराठीत, देवनागरीत शोधा, ऱ्हस्व-दीर्घ बदलून शोधा. मग ज्यांना त्या विषयात रस आहे त्यांना विचारा, कारण आपल्याकडची कितीतरी चांगली कामं शोधयंत्रात वर येतच नाहीत.

‘जात्यावरच्या ओव्यांचा ऑडिओ संग्रह करायचाय, कोणीच केला नाही’ अशी पत्रं मला नेमाने येतात. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रभरच्या गावांतून सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या. तो संग्रह आता ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर आहे, ध्वनिमुद्रणांसह. ‘जुने मराठी शब्दकोश ऑनलाइन आणायचेत’ म्हणणाऱ्यांनी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचे कोश पाहावेत, मग ‘बृहद्कोश’ पाहावा. मराठी विकिस्रोतावर काय आहे तेही चाळावं. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे. माहिती गोळा करण्याच्या पुष्कळ कल्पना वेगळं संकेतस्थळ काढण्याऐवजी तिथे लेख लिहून पूर्ण होतात.

आधी कोणी केलेलं सापडलं म्हणजे आपली कल्पना बाद झाली, असं समजू नका. ओव्यांचा संग्रह आहे, पण त्यातल्या ओव्या घेऊन बोलणारा पॉडकास्ट, शाळेत वापरायचे पाठ, एखाद्या तालुक्यापुरता नकाशा, हे त्याच्या शेजारी उभं राहू शकतं. त्यासाठी त्या मंडळींशी बोलावं लागेल, इतकंच.

७. टिपण केवढं असावं? लोक पीपीटी मागतात.

दोन पानं. पहिल्या परिच्छेदात अडचण, दुसऱ्यात तुमचा तोडगा, मग एक आकृती, मग न सुटलेले प्रश्न. बाजारपेठेचे फुगवलेले आकडे घालू नका. ‘जगात आठ कोटींहून अधिक मराठी भाषक आहेत, त्यातले एक टक्का जरी आले तरी’ हे वाक्य वाचलं की मी पुढचं पान उलटत नाही.

टिपण अर्धंकच्चं असलं तरी चालतं. टिम बर्नर्स-ली यांनी मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत माहितीची व्यवस्था लावण्याविषयी एक प्रस्ताव दिला. त्यांचे वरिष्ठ माइक सेंडॉल यांनी त्यावर शेरा मारला: मोघम आहे, पण भारी आहे. प्रकल्प म्हणून मंजुरी मिळाली नाही. १९९० मध्ये तोच प्रस्ताव पुन्हा फिरवला गेला, काम करायला ‘नेक्स्ट’ कंपनीचा एक संगणक मिळाला आणि त्यावर पहिलं वेब उभं राहिलं. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी मोकळं केलं. त्या मूळ कागदावरची बाणांनी जोडलेल्या गोलांची आकृती आज पाहिली तरी सगळं समजतं. पीपीटी मागणाऱ्यांना ती दाखवा.

८. सांगण्याआधी एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, सही घ्यावी का?

मित्राकडून, मार्गदर्शकाकडून, पहिल्या भेटीत गुंतवणूकदाराकडून मागू नका. गुंतवणूकदार बहुधा देतही नाहीत, कारण त्यांच्यापुढे एकाच प्रकारच्या पाच कल्पना आलेल्या असतात. सही मागितली की चर्चाच थांबते.

पैसे देऊन काम करून घेताय, डेटा दाखवताय, कोड देताय, तेव्हा मात्र घ्या. त्यात ‘गोपनीय’ म्हणजे नक्की काय, ते कागदपत्रांच्या नावानिशी लिहा. ‘सर्व चर्चा गोपनीय’ असल्या वाक्याने भांडणाच्या वेळी काही हाती लागत नाही. करार योग्य मुद्रांकावर करा. मुद्रांक नसेल तर शुल्क आणि दंड भरेपर्यंत तो पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही.

९. निर्मिती संस्थेला संकल्पना पाठवली. उत्तर नाही. वर्षभराने तसाच कार्यक्रम आला. काही करता येतं?

कधीकधी, हो. कॉपीराइटचं दार इथे अरुंद आहे (प्रश्न २). पण विश्वासभंगाचा मार्ग वेगळा आहे, आणि त्यावर न्यायालयांनी दाद दिलेली आहे. मुंबई उच्च न्यायालयात २००३ साली झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स हे प्रकरण आलं. एका मालिकेची विकसित केलेली संकल्पना वाहिनीला विश्वासाने सांगितली होती, पुढे वाहिनीची मिळतीजुळती मालिका आली. न्यायालयाने संकल्पना मांडणाऱ्यांच्या बाजूने मनाई कायम ठेवली. त्याआधी २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘स्वयंवर’ या रिॲलिटी शोच्या संकल्पनेबाबत असाच दिलासा दिला होता. लग्न जुळवणं हा विषय कोणाचा नाही, पण खरीखुरी मुलगी टीव्हीवर वर निवडते असा बारकाव्यांसह आखलेला कार्यक्रम वेगळा, असा त्यातला विचार. हे दोन्ही आदेश अंतरिम टप्प्यावरचे होते, हे लक्षात असू द्या.

अशा दाव्यात तुम्हाला दाखवावं लागतं की सांगितलेली गोष्ट मोघम नव्हती, ती आधी सगळ्यांना माहीत नव्हती, समोरच्याने ती विश्वासाची समजूनच ऐकली आणि तुमच्या परवानगीशिवाय वापरली. म्हणून बैठकीनंतर त्याच दिवशी साधी ईमेल टाका: ‘आज अमुक वाजता आपण भेटलो, सोबतची संकल्पना आपल्या विचारार्थ विश्वासाने दिली आहे.’ दोन ओळी पुरतात. ज्यांनी हे आधीच जाहीरपणे सगळ्यांना सांगितलंय, त्यांना ‘विश्वासाने दिली’ म्हणता येत नाही. टीव्ही-ओटीटीसाठीच्या संकल्पनेला प्रश्न १ मधला मोकळेपणा लावू नका.

निर्मिती संस्था बऱ्याचदा आधी एक फॉर्म भरून घेतात: ‘आमच्याकडे अशाच कल्पना आधीपासून असू शकतात, त्याबद्दल तक्रार करणार नाही.’ तो न वाचता सही करणाऱ्यांचीच पत्रं मला जास्त येतात.

आणि एक कटू गोष्ट. सारखी कल्पना दोघांना सुचणं अगदी सामान्य आहे. सासू-सून, हरवलेले जुळे भाऊ, गावातल्या वाड्याचं गुपित यांवर चोरीचा आळ घेण्याआधी महिनाभर थांबा.

१०. माझ्या ॲपच्या कल्पनेचं पेटंट निघेल का? आधी लोकांना सांगितलं तर?

भारताच्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसता संगणक प्रोग्रॅम, अल्गोरिदम किंवा व्यवसाय करण्याची पद्धत यांना पेटंट नाही. ‘शेतकऱ्याला ग्राहकाशी जोडणारं ॲप’ पेटंटच्या चौकटीत बसत नाही, कितीही चांगलं असलं तरी. वेब आणि माध्यमांतल्या बहुतेक कल्पना इथेच थांबतात.

तुमच्याकडे खरोखर तांत्रिक शोध असेल, उदाहरणार्थ जुन्या शिळाप्रेसच्या मोडीतली अक्षरं ओळखायचं नवं यंत्र, तर उलट वागा. आधी अर्ज, मग भाषण. जाहीर झालेली गोष्ट ‘नवी’ राहत नाही. अमेरिकेत जाहीर केल्यावर बारा महिन्यांची सवलत आहे. आपल्याकडची सवलत ठरावीक प्रदर्शनं आणि विद्वत्सभेतले निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच आहे, तिच्यावर भिस्त ठेवू नका. न्यू जर्सीतल्या किंवा बे एरियातल्या मराठी मंडळींनी हा फरक विसरू नये. तिथल्या कार्यक्रमात बोलून मोकळे झालात तर तिथला अर्ज वाचेल, इथला जाईल. तात्पुरत्या तपशिलावर अर्ज करून ठेवता येतो, व्यक्तीला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये. त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात.

११. नाव सांगू का?

डोमेन घेईपर्यंत नको. कल्पना मोकळी सांगा, नाव सांगू नका. धंदा करायचा असेल तर ट्रेडमार्कचा अर्जही करा. व्यक्तीला आणि स्टार्टअपला माल किंवा सेवेच्या एका वर्गासाठी ऑनलाइन ४,५०० रुपये लागतात.

१२. कल्पनेला किंमत नाही म्हणता, मग वाहिन्या परदेशी कार्यक्रमांच्या फॉरमॅटला पैसे का देतात?

चांगला प्रश्न. ‘बिग बॉस मराठी’ २०१८ मध्ये आला, त्याचं मूळ नेदरलँड्समधल्या १९९९ च्या ‘बिग ब्रदर’मध्ये आहे. ‘कोण होईल मराठी करोडपती’चं मूळ १९९८ च्या ब्रिटिश कार्यक्रमात. ‘लोकांना एका घरात कोंडा’ ही कल्पना फुकट आहे. वाहिनी विकत घेते तो त्यामागचा जाडजूड दस्तऐवज, ज्याला त्या धंद्यात ‘बायबल’ म्हणतात: कॅमेरे कुठे, घर कसं, आठवड्याचं वेळापत्रक, खेळाडू कसे निवडायचे, कुठल्या देशात काय फसलं. सोबत नाव, बोधचिन्ह, संगीत, आणि सल्ला द्यायला येणारी अनुभवी माणसं. शिवाय खटल्याची भीती राहत नाही.

तुमच्या कल्पनेला भाव हवा असेल तर रस्ता हाच आहे. ‘गावोगावच्या जत्रांवर वेब सिरीज’ विकली जात नाही. वर्षभराच्या जत्रांचं कॅलेंडर, प्रत्येक भागाची आखणी, ओळखीचे मानकरी, चित्रीकरणाची परवानगी आणि एक करून दाखवलेला भाग, याला गिऱ्हाईक मिळतं.

१३. मला काही करायचंच नाही. कल्पना देऊन टाकायची आहे. कशी देऊ?

लिहा आणि खाली ‘सीसी झिरो’ (सगळे हक्क सोडून देणारा क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना) म्हणून जाहीर करा. म्हणजे तुमचे शब्दही कोणी वापरू शकेल. नाव राहावं असं वाटत असेल तर ‘सीसी बाय’ (वापरा, पण नाव द्या). परवाना शब्दांना आणि चित्रांना लागतो, कल्पनेला नाही. ती सांगितली की गेलीच.

देऊन टाकलेल्या कल्पना वाया जातात असं नाही. विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांनी १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या मासिकात पृथ्वीसोबत फिरणाऱ्या संदेश-उपग्रहांची कल्पना छापली, पेटंट घेतलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे माणसं राहतील अशी स्थानकं होती. तसा उपग्रह प्रत्यक्ष फिरू लागला १९६४ मध्ये, तो दुसऱ्यांनी बांधला, आणि त्यात कोणी राहत नव्हतं.

१४. मी आयटी कंपनीत आहे. रात्री घरी सुचलेली कल्पना माझी की कंपनीची?

नेमणूकपत्र काढा आणि वाचा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीची पहिली मालकी मालकाची असते, वेगळा करार नसेल तर. रात्री, स्वतःच्या लॅपटॉपवर, कामाशी संबंध नसलेलं केलंत तर सहसा तुमचं. पण काही नेमणूकपत्रांत ‘नोकरीच्या काळात केलेलं सर्व काही’ अशी ओळ असते. तशी असेल तर लेखी परवानगी मागा. कंपनीच्या लॅपटॉपवर एक ओळही लिहू नका. महाविद्यालयात शिकत असाल तर संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण पाहा.

१५. दोघांनी चहावर बसून ठरवलं. आता तो एकटाच करतोय.

चहावरच्या गप्पांवर कोणाचा हक्क नाही (प्रश्न २). एकत्र लिहिलेलं टिपण असेल तर ते दोघांचं, आणि त्यातला मजकूर तो तुम्हाला न विचारता वापरू शकत नाही. कुणाचं किती, कोण बाहेर पडला तर काय, हे पहिल्याच आठवड्यात व्हॉट्सॲपवर का होईना लिहून ठेवा. मैत्रीत कसली लिखापढी म्हणणारेच पुढे मला पत्र लिहितात.

१६. जुन्या अंकांवर, कॅसेटवर, फोटोंवर आधारलेली कल्पना आहे. मांडायला हरकत आहे?

मांडायला नाही. बांधताना मात्र हक्क तपासावे लागतील, आणि हे टिपणातच लिहिलंत तर वाचणारा तुम्हाला गांभीर्याने घेतो. आपल्याकडे लेखकाचा कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षं असतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजायचा. दिवाळी अंकात तर प्रत्येक कथेचा, कवितेचा, चित्राचा हिशेब निराळा. गोव्यात जन्मलेले चित्रकार दीनानाथ दलाल १९७१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या मुखपृष्ठांचे हक्क २०३१ च्या अखेरीपर्यंत आहेत, मग अंकाचा कागद कितीही पिवळा पडलेला असो.

शीर्षक, लेखकाचं नाव, वर्ष, पान क्रमांक ही नुसती माहिती आहे, ती कोणीही नोंदवू शकतं. म्हणूनच उदाहरणात मी अनुक्रमणिका घेतली, अंकांचं स्कॅन नाही.

१७. एआय चॅटबॉटला कल्पना सांगितली तर ती बाहेर जाते का?

सेवेच्या अटींवर अवलंबून आहे. अनेक मोफत सेवा संभाषण प्रशिक्षणासाठी वापरू शकतात, बंद करायची सोय सेटिंगमध्ये असते. प्रश्न ४ मधली ‘राखून ठेवायची’ यादी तिथेही लागू करा: दुसऱ्यांची नावं, आकडे, गोळा केलेला डेटा तिथे चिकटवू नका.

१८. मी सांगितलेली कल्पना दुसऱ्याने केली, आणि छान केली. श्रेय मागू का?

तुमचा मजकूर किंवा रेखाटनं वापरली असतील तर तो उपकार नाही, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार कर्ता म्हणून तुमचा हक्क आहे. सरळ मागा. फक्त कल्पना असेल तर ती सौजन्याची बाब. एकदाच, खाजगीत, जुन्या टिपणाची तारीख जोडून लिहा आणि नेमकं काय हवं ते सांगा: ‘आमच्याविषयी’ पानावर एक ओळ. सोशल मीडियावर ओरड केली तर ती एक ओळही जाते.

तुमच्याकडे नोंदी, संपर्क, न सापडणारे अंक असतील तर ते घेऊन त्यांच्याकडे जा. दिवाळी अंकांची अनुक्रमणिका उद्या कोणी सुरू केलीच, तर युद्धकाळातल्या कागदटंचाईतले बारके अंक त्याला हवे असणारच.